खुलताबादची खुर्ची

खुर्ची कोर्टवर घसरत आली आणि माझ्या बुटाला लागून थांबली. लाल प्लास्टिकची, मंडपवाल्याची खुर्ची. पाठीवर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव रंगवलेलं. गॅलरी एकदम गप्प झाली. मग शिट्टी वाजली. ती माझी नव्हती. कोर्टच्या त्या टोकाला माझा पार्टनर निखिल बोर्डे दोन्ही हातांनी ‘टी’ करून उभा होता.

टी म्हणजे टेक्निकल फाऊल. एका खेळाडूनं दुसऱ्याला धक्का दिला तर तो साधा फाऊल. पण कोणाला हात न लावता बेशिस्त केली, बॉल आपटला, रेफ्रीला उलट बोललं, टॉवेल भिरकावला, तर टेक्निकल. तो कोचलाही मिळतो. स्वतःच्या वागण्याबद्दल कोचला असे दोन मिळाले की त्याला कोर्ट सोडून बाहेर जावं लागतं. शिवाय समोरच्या टीमला एक फ्री थ्रो, म्हणजे कोणी आडवं न येता एक गुण मिळवायची संधी.

खुर्चीला लाथ मारणारा हमीद पटेल, खुलताबादच्या पोरींच्या टीमचा कोच. त्याचा तो दुसरा टेक्निकल होता. पहिला दुसऱ्या क्वार्टरमध्ये मीच दिला होता.

या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. संभाजीनगरच्या बास्केटबॉलवाल्यांमध्ये ती ‘खुलताबादची खुर्ची’ म्हणून सांगितली जाते. हमीदनं खुर्ची लाथाडली, जाताना रेफ्रीला शिवी दिली, म्हणून त्याच्यावर बंदी आली, अशी. ज्याला शिवी दिली म्हणतात तो रेफ्री मी. मला कोणी शिवी दिली नव्हती.

हमीद आणि मी कॉलेजात एका टीममधून खेळलो. तो गार्ड, म्हणजे बॉल घेऊन येणारा. मी फॉरवर्ड, बास्केटजवळ थांबणारा. तो न बघता पास द्यायचा. तोंड एकीकडं आणि बॉल माझ्या हातात. मी म्हणायचो, अरे, एकदा बघ तरी. तो म्हणायचा, “तू उधरीच रहता ना? मग बघायचं कशाला?”

पुढं मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन लागलो आणि संध्याकाळचा रेफ्री झालो. तो खुलताबादला वडिलांच्या किराणा दुकानात बसला आणि संध्याकाळी गावातल्या पोरींना बास्केटबॉल शिकवायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी काही देत नव्हतं. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूच्या बोर्डाला रिंग आणि दुसऱ्या बाजूला वेल्डिंग करून घेतलेली लोखंडी कडी.

पोरी मिळाव्यात म्हणून तो घरोघर फिरला. पटेल, शेख, काळे, साळवे, सगळ्यांच्या ओट्यावर बसला. बापांचं म्हणणं एकच. तिथं टवाळ पोरं येतात, शिवीगाळ चालते, पोरगी कशी पाठवायची? हमीदनं प्रत्येक ओट्यावर तोच शब्द दिला. “माझ्या कोर्टवर गाली ऐकू आली, तर दुसऱ्या दिवशी पोरगी पाठवू नका.” त्या शब्दावर ती टीम उभी होती. बाकी काही नव्हतंच.

शब्द पाळायचा म्हणून त्यानं शिव्याही दुकानातल्याच काढल्या होत्या. “अगं साबुदाणे, डिफेन्सला ये!” “तूरडाळ झालीस का पूजा? शिजंना झाली तू आज!” पोरी खेळता खेळता हसायच्या. एकदा त्यानं मलाही “मगरे, तू बिनमिठाचा माणूस झालास” असं म्हटलं होतं. त्यावर टेक्निकल द्यावा का, याचा मी क्षणभर विचार केला होता.

बिनमिठाचा झालो होतो हे खरं. मला रेफ्रीचं काम शिकवणारे सर म्हणायचे, कोचबरोबर चहा घ्यायचा नाही. तुझा निर्णय कितीही बरोबर असला तरी लोकांना तो कप आठवणार. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. हमीदच्या टीमचे सामने माझ्याकडं यायला लागले तसं मी त्याच्याकडं जाणं थांबवलं. त्याच्या मुलीच्या निकाहच्या सुमारास स्पर्धा होती म्हणून गेलो नाही. बायकोला पाठवलं. ती परत येऊन म्हणाली, “सगळे विचारत होते, साहेब कुठंयत. काय सांगू? घरी शिट्टी गळ्यात घालून बसलेत?”

स्पर्धेत दोन्ही टीम मंडपात एका पंगतीला जेवतात. कोच एकमेकांच्या ताटात वाढतात. रेफ्रींना वेगळ्या खोलीत पाकिटं येतात. पुरी-भाजी गार झालेली असते. तक्रार करत नाही. पद्धत आहे आणि पद्धतीला कारण आहे. फक्त ती पाकिटं खाऊन खाऊन माणूस कसा होतो, हे कुठं शिकवत नाहीत.

चिडलेला कोच कसा सांभाळायचा, हे मात्र शिकवतात. सुरुवातीला ऐकू आलंच नाही असं करायचं. कोच हा चिडणारच. त्याला खेळता येत नसतं, नुसतं बघायचं असतं. पुन्हा बोलला तर एकदा बघायचं. तरी थांबला नाही तर खेळ थांबलेला असताना जवळ जाऊन हळू बोलायचं. समोरासमोर उभं राहायचं नाही, ते गॅलरीला भांडण दिसतं. शेजारी उभं राहायचं, दोघांनी कोर्टकडं बघायचं. त्यानं प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं. शेरा मारला तर नाही. कानात बोललेलं पुष्कळ पोटात घालायचं असतं. गॅलरीला दाखवून केलेलं मात्र सोडता येत नाही, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

त्या दिवशी मी हे सगळं केलं होतं. अंतिम सामना होता, खुलताबादविरुद्ध शहरातला एक क्लब. जिंकणारी टीम राज्य पातळीला जाणार होती. शहरातल्या पोरी उंच होत्या आणि कोपरं चालवत होत्या. पहिल्या क्वार्टरपासून हमीद उठबस करत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

“प्रश्न आहे का शेरा?” मी विचारलं.

“प्रश्न आहे. ती आठ नंबर माझ्या पोरींना कोपर मारतीय. तुझ्याकडं चष्मा आहे, तो शोभेला आहे का?”

“पहिलं वाक्य प्रश्न होता. त्याचं उत्तर, बघतो. दुसरं मी ऐकलं नाही.”

तो हसला. आठ नंबरच्या पोरीला मी पुढच्याच वेळी पकडलं. पण दुसऱ्या क्वार्टरला एक निर्णय त्याच्याविरुद्ध गेला आणि तो टॉवेल डोक्यावर घेऊन थेट कोर्टच्या आत आला. गॅलरीकडं बघून हात पसरले. मी तळहात दाखवला. हा शेवटचा इशारा असतो. तो आणखी दोन पावलं आत आला. मी टी दिला. गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, “ओ जायकवाडी! पाणी डोळ्यात गेलं का?” माझं खातं सगळ्यांना माहीत होतं. हमीद बेंचवर जाऊन बसला. त्याला राग नव्हता. टेक्निकल बरोबर आहे हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं?

आता ती खुर्ची.

शेवटचं मिनिट होतं. खुलताबाद एका गुणानं मागं. पूजा काळे बॉल घेऊन आत घुसली. ती त्या टीमची गार्ड. चपळ, हुशार आणि डोक्यानं गरम. आधी बॉल आपटल्याबद्दल तिला एक टेक्निकल मिळालेला होता. दुसरा मिळाला तर तीही बाहेर. ती आत घुसली तशी शहराची एक पोरगी आडवी आली. दोघी पडल्या. निखिलनं शिट्टी वाजवली आणि फाऊल पूजावर दिला.

अशा धडकेत एकच गोष्ट बघतात. आडवी येणारी आधी पोचून उभी होती का? उभी असेल तर चूक घुसणारीची. सरकत असेल तर आडवी येणारीची. मी उभा होतो तिथून मला त्या पोरीचे पाय सरकताना दिसले होते. पण ती जागा निखिलच्या हद्दीतली होती. आमच्या नियमात हे स्वच्छ लिहिलंय. एका रेफ्रीनं आपल्या कामात दिलेला निर्णय दुसऱ्यानं फिरवायचा नाही, त्यावर शंकाही घ्यायची नाही. तसं नसेल तर एकही सामना पूर्ण होणार नाही. मी गप्प राहिलो. ते बरोबर होतं.

पूजा उठली. निखिलकडं वळली. बोट वर, तोंड उघडलेलं. मी तिच्याकडं निघालो होतो पण लांब होतो. तेवढ्यात बेंचकडून धाडकन आवाज आला आणि खुर्ची आली.

लाथ मारताना मी हमीदला पाहिलं. चिडलेला माणूस ज्याच्यावर चिडतो त्याच्याकडं बघतो. हमीद निखिलकडं बघत नव्हता. माझ्याकडंही नाही. तो पूजाकडं बघत होता.

कोच लोकांची ही एक जुनी युक्ती आहे. आपला खेळाडू फुटणार असं दिसलं की कोच आधी स्वतः फुटतो. रेफ्री त्याच्याकडं वळतो, टेक्निकल त्याला जातो, खेळाडू वाचतो. पण कोच हे पहिल्या टेक्निकलवर करतात. हमीदनं दुसऱ्यावर केलं. म्हणजे पोरगी कोर्टवर राहावी म्हणून तो स्वतः बाहेर गेला. पूजा आवाजानं दचकून वळली. कॅप्टननं तिचा दंड धरून तिला बाजूला नेलं. तिच्या तोंडातलं तोंडातच राहिलं.

टेक्निकल देणाऱ्या रेफ्रीनं त्या कोचजवळ जायचं नसतं. पार्टनरनं जायचं. म्हणून हमीदला बाहेर काढायचं काम माझ्याकडं आलं.

“चल हमीद.”

त्यानं आधी खुर्ची उचलली. तळहातानं पुसली आणि बेंचशेजारी सरळ करून ठेवली. मग माझ्याबरोबर गेटकडं निघाला. आम्ही शेजारी शेजारी चालत होतो, दोघंही समोर बघत. तो हळू बोलला. “पूजाकडं बघ. तिला एक आहे. त्या बोर्डेपासून लांब ठेव तिला. मी नसल्यावर फुटंल ती.”

“बघतो,” मी म्हणालो.

“और पानी पी थोडा. चेहरा उतर गया तेरा.”

एवढंच. त्यात जे शब्द होते ते सगळे वर लिहिलेत.

शहराच्या पोरीनं फ्री थ्रो टाकला. शेवटी पूजाचा एक शॉट रिंगवर फिरून बाहेर आला. खुलताबाद हरलं. पूजा कोर्टवर बसून रडली पण कोणाला काही बोलली नाही.

स्कूटर काढताना निखिल आला. पोरगा वाईट नव्हता. मेहनती होता. त्याला पुढं जायचं होतं.

“सर, जाताना काय बोलला तो तुम्हाला?”

“सोड ना.”

“शिवी दिली ना? मी पाहिलं, तोंड हलत होतं त्याचं.”

मी स्कूटरला किक मारली. उत्तर दिलं नाही. सामन्यात कोचनं कानात सांगितलेलं बाहेर सांगायचं नाही, या सवयीनं. तिथं नुसतं ‘नाही’ म्हणालो असतो तरी हे सगळं तिथंच संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या शिस्त समितीनं बोलावलं. कोच बाहेर काढला गेला की बोलावतातच. निखिल मला व्हरांड्यात भेटला.

“सर, मी अध्यक्षांना सांगून बसलोय. शिवी दिली म्हणून.”

“तू ऐकलीस?”

“ऐकली नाही. पण सर, खुर्चीला लाथ मारणारा माणूस जाताना काय अभंग म्हणणार आहे का?” मग आवाज उतरला. “पुढच्या महिन्यात माझी मोठ्या सामन्यांच्या रेफ्री पॅनेलची परीक्षा आहे. मी खोटं बोललो असं निघालं तर संपलंच. तुम्ही फक्त मला खोटं पाडू नका.”

आत अध्यक्ष होते, दोन सदस्य होते आणि जिंकलेल्या क्लबचा मॅनेजर. हमीद भिंतीच्या बाजूला बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मॅनेजर मला ऐकू जाईल असं शेजारच्याला म्हणाला, “हे दोघं कॉलेजचे दोस्त बरं का. बघू आता.”

अध्यक्षांनी निखिलला विचारलं. त्यानं सांगितलं. मग हमीदकडं वळले.

“पटेल, काय बोललात तुम्ही?”

हमीद खिडकीकडं बघत होता. “मगरेशी बोललो मी. त्यालाच विचारा की.”

माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही. कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं तसंच. बॉल माझ्या हातात आला होता.

“मगरे?” अध्यक्ष म्हणाले.

“पार्टनरनं जे सांगितलं त्यावर मला काही म्हणायचं नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे शिवी दिली असं धरायचं?”

“मला काही म्हणायचं नाही.”

हमीदनं तेव्हा माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग उठून नमस्कार केला आणि गेला.

असं का केलं, याची उत्तरं मी स्वतःला पुष्कळ दिली. पार्टनरवर शंका घ्यायची नाही, हा नियम. पण तो नियम कोर्टच्या चार रेषांच्या आतला. मी तो खोलीत घेऊन गेलो. खरं बोललो असतो तर मॅनेजर म्हणाला असता, दोस्तानं दोस्ताला वाचवलं. मग इतकी वर्षं न घेतलेल्या चहाचं काय? ते सगळं वाया गेलं असतं. आणि हमीद काय बोलला हे सांगायचं तर मी त्याला “बघतो” म्हणालो, हेही सांगावं लागलं असतं. रेफ्रीनं कोचला दिलेला शब्द. त्याचं काय करतील, याची मला भीती वाटली. बाकीची उत्तरं शोभेची आहेत. मी घाबरलो, हे खरं.

बक्षीस समारंभात लाऊडस्पीकरवर जाहीर झालं. रेफ्रीशी असभ्य भाषा वापरल्याबद्दल खुलताबादचे कोच हमीद पटेल यांच्यावर दोन मोसम बंदी. पोरी दुसऱ्या नंबरची ट्रॉफी घ्यायला रांगेत उभ्या होत्या. त्यांचे आई-बाप मंडपात होते. पोरींना न्यायला आले होते.

बंदी दोन मोसमांची होती. ती संपली असती. पण त्या बापांना मोसमाशी काही घेणं नव्हतं. त्यांना ओट्यावरचा शब्द आठवत होता. एकेक पोरगी यायची थांबली. हमीद कोणाच्या ओट्यावर पुन्हा गेला नाही. मी गाली दिली नाही, असं सांगत फिरला नाही. त्याला वाटलं असेल, सांगणारा दुसरा कोणीतरी आहे. तो सांगेल.

निखिल परीक्षा पास झाला. आता बाहेरगावी मोठे सामने करतो. दिवाळीला मेसेज येतो. मी रिटायर झालो. वर्षभरात बायको गेली. हमीद स्मशानात आला होता. मागं लिंबाच्या झाडाखाली उभा होता. मी त्याच्याकडं जाईपर्यंत निघून गेला होता. मुलगा पुण्याला असतो. उस्मानपुऱ्यात माझ्या घराची बेल वाजते ती बहुतेक चुकून. वरच्या मजल्यावरच्यांचं पार्सल असतं.

आणि नव्या रेफ्रींच्या शिबिरात मला बोलवायचे. विषय ठरलेला, कोचचा राग कसा हाताळायचा. मी सगळं सांगायचो, शेजारी उभं राहायचं, प्रश्नाला उत्तर, शेऱ्याला नाही. आणि शेवटी खुलताबादची खुर्ची सांगायचो. खुर्ची कशी बुटाला लागली त्यावर लोक हसायचे. शिवीच्या जागी मी “जाताना काहीतरी पुटपुटला” असं म्हणायचो. तेवढीच माझी सचोटी.

गेल्या वर्षीच्या शिबिरात मी पुटपुटण्यापर्यंत आलो आणि मागच्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. ट्रॅकसूट, केस घट्ट बांधलेले.

“सर, प्रश्न आहे. शेरा नाही.”

लोक हसले. मीही.

“काय बोलले होते ते?”

“तुम्ही कुठल्या?”

“गंगापूरला शाळेत बास्केटबॉल शिकवते. मूळची खुलताबादची. पूजा काळे.” ती थांबली. “मला एक टेक्निकल होता, सर.”

हॉलमध्ये चाळीसेक लोक असतील. मी टेबलावर हात टेकले आणि सांगितलं. पूजाकडं बघ. तिला एक आहे. बोर्डेपासून लांब ठेव. पाणी पी. आणि खुर्चीचं कारणही सांगितलं, तो लाथ मारताना कोणाकडं बघत होता ते.

“एवढंच?” पूजा म्हणाली.

“एवढंच.”

“शिवी?”

“नव्हती.”

“आमच्या आबांनी मला दोन वर्षं बॉलला हात लावू दिला नाय, सर. मी घरात सांगायची, हमीद सर तसे नाहीत. आबा म्हणायचे, रेफ्री काय खोटं बोलंल का?” ती खाली बसली. मग बसूनच म्हणाली, “तुम्ही खोटं बोललाच नाहीत म्हणा. तुम्ही तर काहीच नाही बोललात.”

शिबिर झाल्यावर कोणी माझ्याजवळ आलं नाही. जीपची वेळ झाली म्हणून पूजाही गेली.

निखिलला फोन केला. तो म्हणाला, “सर, आता कशाला उकरून काढताय? मला तर आठवतही नाही.” मला वाटतं, त्याला खरंच आठवत नसावं. त्याच्या दृष्टीनं तो एक सामना होता. समितीकडं जावं म्हटलं तर समितीच नव्हती. ती स्पर्धा केव्हाच बंद पडली. अध्यक्ष वारले. खरं सांगायला गेलं तर ते घ्यायला समोर माणूस लागतो.

मग एसटीनं खुलताबादला गेलो. दुकान तेच होतं. हमीदच्या दाढीत काळं काही राहिलं नव्हतं. एक म्हातारं गिऱ्हाईक बाकावर बसलं होतं. हमीद साखर तोलत होता. मला बघून त्याचा हात थांबला नाही.

“बोल मगरे.”

मी सांगितलं. शिबिर, पूजा, सगळं. मी चाळीस माणसांसमोर खरं सांगितलं, हे जरा जोरात सांगितलं असेन.

त्यानं पुडीला दोरा गुंडाळला. “मी काय बोललो ते मला ठाऊकच होतं. तुला आत्ता ठाऊक झालं का?”

मी बाकाच्या टोकाला टेकलो.

“चाळीस माणसं म्हणतो. हॉलमध्ये, दरवाजा लावून.” दोरा दातानं तोडला. “ते लाऊडस्पीकरवर सांगितलं होतं, मगरे.”

“पोरी पुन्हा आल्या असत्या, जर मी त्या वेळी...”

“पोरी मोठ्या झाल्या. लग्नं झाली. एकीला पोरगी झाली, ती पण आता चालायला लागली.” हे सांगताना पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. “पूजा शिकवते म्हणतो गंगापूरला? बास्केटबॉल?”

“हो.”

“रिंगा दोन आहेत का तिच्या कोर्टला?”

“विचारलं नाही.”

“विचारायचं ना साबुदाण्या,” तो म्हणाला.

समोरून चहावाला जात होता. हमीदनं त्याला हाक मारली. “दोन दे रे.” मी बाकावर सरकून बसलो. एक कप त्या गिऱ्हाइकाला दिला, एक त्यानं स्वतः घेतला. गिऱ्हाईक माझ्याकडं बघून म्हणालं, “पाहुण्याला?”

“त्याला नको,” हमीद म्हणाला. “रेफ्री लोक चहा घेत नाहीत.”

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तो साधं सांगत होता, एखाद्याला साखर चालत नाही असं सांगतात तसं. मी शेवटच्या एसटीच्या आधीच्या एसटीनं परत आलो.

हे छापायला देतोय ते एवढ्यासाठी. लाऊडस्पीकर आता माझ्याकडं नाही. जे आहे ते हे. हमीद पटेलनं त्या सामन्यात किंवा कुठल्याही सामन्यात शिवी दिलेली नाही. खुलताबादच्या ज्या घरांनी त्या कारणानं पोरी पाठवायचं थांबवलं, त्या घरांत हे कोणी वाचून दाखवलं तर बरं होईल. खुर्चीला लाथ मारल्याचा टेक्निकल बरोबर होता. तो तसाच राहू द्या.

शिबिराला मी अजून जातो, बोलावलं तर. पार्टनरचा निर्णय फिरवू नका, हे अजूनही सांगतो. फक्त पुढं एक जोडतो. सामना संपला की तुम्ही पार्टनर नसता, साक्षीदार असता. आणि कोचनं खुर्ची लाथाडली तर शिट्टी जरूर वाजवा. पण वाजवायच्या आधी तो कोणाकडं बघतोय ते बघून ठेवा. नंतर कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.